नव्वदीतले आपल्यापर्यंत न पोहोचलेले रॉक : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या महिन्यात या सदरात निर्वाणा या बँडच्या 'नेव्हरमाइंड' या १९९१ सालच्या अल्बमविषयीच्या एका प्रश्नाला उत्तर दिले होते. त्यानंतर त्याच दशकातील कमी प्रसिद्ध रॉक अल्बमविषयी विचारणा करणारी पत्रे इंदूर आणि देवास येथून आली. त्यांतील काही प्रश्न या वेळी घेत आहोत.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. १९९२ ते १९९६ या काळात मी इंदुरात अभियांत्रिकी शिकत होतो. वसतिगृहात एखाद्याकडे मूळ कॅसेट आली की तिच्यावरून बाकीचे सगळे जण आपापली कॅसेट भरून घेत. त्याच काळात अमेरिकेत 'इंडिपेंडंट' आणि 'अंडरग्राउंड' म्हटले जाणारे रॉकही जोरात होते, असे आता वाचनात येते. ते नेमके कशामुळे वेगळे ठरते, ते आमच्यापर्यंत का आले नाही आणि आता ऐकायचे झाल्यास सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : संगीत कोणत्या धाटणीचे आहे यापेक्षा ध्वनिमुद्रणाचा खर्च कोण उचलतो, मूळ टेपची मालकी कोणाकडे राहते आणि नफा कसा वाटला जातो, यांवर मोठ्या कंपन्यांचे रॉक आणि 'इंडिपेंडंट' रॉक यांतला भेद ठरत असे. मोठ्या कंपन्या बँडला घसघशीत उचल देत आणि मग स्टुडिओ, चित्रफीत, दौरा या सगळ्यांचा खर्च त्याच्याच वाट्यातून वळता करून घेत. शिकागोचे ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनी यांनी १९९३मध्ये 'द बॅफलर' या नियतकालिकात या व्यवहाराचा ताळेबंदच मांडला होता. त्यांच्या काल्पनिक उदाहरणातील बँडला अडीच लाख डॉलरची उचल मिळते, अल्बमच्या अडीच लाख प्रती खपतात आणि सगळी वजावट झाल्यावर प्रत्येक वादकाच्या हातात जेमतेम चार हजार डॉलर पडतात. वर कंपनीच्या वहीत बँडच्याच नावावर देणे निघते. निमाडातील कापसाच्या उचलीचा व्यवहार ज्यांनी घरात पाहिला आहे, त्यांना हे गणित वेगळे समजावून सांगायला नको.

छोट्या कंपन्यांची रीत निराळी होती. शिकागोची टच अँड गो ही कंपनी बहुतेक बँडशी लेखी करारच करीत नसे. खर्च वसूल झाला की उरलेला नफा निम्मा-निम्मा, एवढे तोंडी ठरले की काम सुरू होई. (अशा तोंडी व्यवहारांचा शेवट नेहमी गोड झाला असे मात्र नाही. टेक्सासमधील एका जुन्या बँडने याच कंपनीला न्यायालयात खेचले आणि १९९९मध्ये निकाल बँडच्या बाजूने लागला.) वॉशिंग्टनची डिस्कॉर्ड ही कंपनी टपालखर्चासह किंमत वेष्टनावरच छापत असे आणि तिचा सर्वांत नावाजलेला बँड फुगाझी आपल्या कार्यक्रमाचे तिकीट शक्यतो पाच डॉलरच्या वर जाऊ देत नसे.

आपल्यापर्यंत हे संगीत का आले नाही, याचे उत्तरही या व्यवहारातच आहे. आपल्या दुकानांत मिळणाऱ्या इंग्रजी कॅसेट या मोठ्या परदेशी कंपन्यांशी परवान्याचा करार केलेल्या भारतीय कंपन्यांनी येथेच तयार केलेल्या असत. ज्या कंपनीचा सगळा कारभार चार-पाच माणसे पाहत होती, तिला भारतात असा भागीदार नव्हता आणि केबलवर दिसणाऱ्या संगीतवाहिनीसाठी महागडी चित्रफीत काढण्याइतके पैसेही नव्हते. त्यामुळे त्या काळात आपण ज्याला 'नव्वदचे रॉक' समजत होतो, तो बहुतांशी मोठ्या कंपन्यांच्या वितरणखात्याने निवडून पाठवलेला माल होता.

सुरुवात स्लिंट या बँडच्या 'स्पायडरलँड'पासून करावी, असे आम्ही निःसंकोचपणे सुचवू. केंटकी राज्यातील लुईव्हिल या शहरातील चार तरुणांनी, जे तेव्हा कसेबसे विशीत पोहोचले होते, हा अल्बम ऑगस्ट १९९०मध्ये शिकागोत मोजक्या दिवसांत मुद्रित केला. टच अँड गोने तो मार्च १९९१मध्ये प्रसिद्ध केला, तोपर्यंत बँड मोडलेला होता. ज्या अल्बमसाठी दौरा करायला, मुलाखत द्यायला किंवा निदान फोन उचलायलाही बँड शिल्लक नाही, त्याची दखल कोण घेणार? अल्बिनी यांनी एका ब्रिटिश साप्ताहिकात त्यावर भरभरून लिहिले, पण ते वाचून दुकानात जाणारे थोडेच होते.

या अल्बममध्ये सहाच रचना असून तो चाळीस मिनिटांच्या आत संपतो. रूढ अर्थाने गायन त्यात फार थोडे आहे. ब्रायन मॅकमहन बहुतेक ठिकाणी शेजारी बसलेल्या माणसाला सांगावी तशी, आवाज न चढवता, गोष्ट सांगतात. पहिल्या रचनेत जत्रेतला एक मुलगा तंबूत बसलेल्या ज्योतिषिणीला रोलर कोस्टरमध्ये बसायला नेतो. गिटारचे सूर तेथे बारीक आणि स्वच्छ वाजत राहतात, मात्रांची गणना रॉकच्या नेहमीच्या चारच्या चौकटीत बसत नाही आणि ऐकणारा त्या गणनेला सरावतो न सरावतो तोच सगळा वाद्यमेळ एकदम अंगावर येतो. तिसऱ्या रचनेत ड्रम मुळीच नाहीत. ड्रमवादक ब्रिट वॉलफर्ड स्वतःच गिटार घेऊन, मेजवानीच्या घोळक्यात एकट्या पडलेल्या माणसाविषयी पुटपुटतात. पाचवी रचना निःशब्द आहे. शेवटच्या रचनेत जहाज फुटून किनाऱ्याला लागलेला कप्तान एका घराचे दार ठोठावतो. ती साडेसात मिनिटे हळूहळू ताणली जातात आणि अखेरीस मॅकमहन यांचा आतापर्यंत आवरून धरलेला आवाज फाटतो. त्या एका किंकाळीसाठी आधीची पस्तीस मिनिटे जपून खर्च केली आहेत, हे दुसऱ्यांदा ऐकताना लक्षात येते. एक व्यावहारिक सूचना : सुरुवातीच्या हलक्या भागावरून आवाजाची पातळी ठरवू नये, कारण पुढच्या मिनिटाला शेजारी दारात उभे राहतील.

त्यानंतर उत्तर कॅरोलिनातील चॅपल हिल येथील पोल्व्हो या बँडचा, मर्ज या कंपनीने १९९३मध्ये काढलेला 'टुडेज अ‍ॅक्टिव्ह लाइफस्टाइल्स' ऐकावा. या बँडमधील दोन्ही गिटारवादक तारा रूढ पद्धतीने न लावता आपापल्या सोयीने लावीत आणि स्वर तारेवर ओढून दोन सुरांच्या मधल्या जागी नेत. 'यांची गिटार बेसूर लागलेली आहे' असा शेरा त्यांनी वर्षानुवर्षे ऐकला. मींडेला सरावलेल्या आपल्या कानांना त्यात बेसूर असे काही जाणवणार नाही, असे आम्हाला वाटते. फुगाझीचा १९९५चा 'रेड मेडिसिन' हा तिसरा. मात्र ज्याकडे दुर्लक्ष झाले ते सगळे थोर, असा समज करून घेऊ नये. दशकाच्या उत्तरार्धात 'स्पायडरलँड'ची हलक्यातून एकदम मोठ्यात जाण्याची युक्ती उचलून अनेक बँडनी कंटाळवाणे अल्बम काढले आणि ते विस्मरणात गेले याचे दुःख मानण्याचे कारण नाही. ग्लासगोच्या मोग्वाईसारखे थोडेच बँड त्या युक्तीतून स्वतःचे काही घडवू शकले.

प्रश्न : माझ्या भाच्याने मला 'बी थाउजंड' नावाचा अल्बम ऐकवला. मुद्रण इतके खरखरीत आहे की शेजारच्या खोलीत कोणीतरी गात असल्यासारखे वाटते. पैसे नव्हते म्हणून हे असे झाले, की मुद्दाम केले आहे?
— एक वाचक, विजयनगर, इंदूर

उत्तर : दोन्ही. गाइडेड बाय व्हॉइसेस हा ओहायो राज्यातील डेटन शहराचा बँड. त्याचे प्रमुख रॉबर्ट पोलार्ड त्या वेळी चौथीच्या वर्गाला शिकवणारे शाळाशिक्षक होते. साध्या कॅसेटवर चार स्वतंत्र मार्गिका भरणाऱ्या घरगुती यंत्रावर, तळघरात आणि गॅरेजमध्ये मित्रमंडळींसह त्यांनी गाण्यांचा मोठा साठा करून ठेवला होता. १९९४ सालच्या या अल्बममध्ये त्यांतील वीस गाणी छत्तीस मिनिटांत बसवली आहेत. पहिल्याच गाण्यात एका जागी गिटारचा आवाज गळून पडतो आणि पुन्हा येतो. तो दोष ओळखूनही तसाच ठेवला गेला. पैसा नसल्यामुळे यंत्र स्वस्तातले होते, हे खरे. पण त्याआधी हाच बँड स्टुडिओतही जाऊन आला होता आणि तेथील नीटनेटक्या मुद्रणात ही गाणी निस्तेज होतात, असा निष्कर्ष पोलार्ड यांनी काढला होता. आमचे मत विचाराल तर वीसपैकी सहा-सात गाणी अर्धवट सोडलेली आहेत आणि त्यांना खरखरीचा आडोसा मिळाला आहे. उरलेल्यांतील चाली मात्र इतक्या पक्क्या आहेत की कोणत्याही यंत्रावर टिकल्या असत्या.

प्रश्न : मी शास्त्रीय गायन शिकवते. रॉक म्हणजे वेग आणि गोंगाट, अशी माझी धारणा आहे व ती सहजासहजी बदलेल असे वाटत नाही. विलंबित लयीत रमणाऱ्या श्रोत्यासाठी त्या दशकात काही आहे का?
— एक वाचिका, रामबाग, इंदूर

उत्तर : आहे, आणि ते ऐकायला इंदूरकर श्रोत्याची तयारी इतरांपेक्षा अधिक झालेली असावी. न्यूयॉर्कच्या कोडीन या बँडचा 'फ्रिजिड स्टार्स' १९९०मध्ये एका छोट्या जर्मन कंपनीने काढला आणि पुढल्या वर्षी तो अमेरिकेत सब पॉप या कंपनीने प्रसिद्ध केला. त्याची गती इतकी मंद आहे की ड्रमचा एक ठोका पडल्यावर दुसरा येईपर्यंत गिटारचा नाद विरत जाताना ऐकू येतो. १९९४मध्ये मिनेसोटातील डुलुथ येथील लो या बँडने 'आय कुड लिव्ह इन होप' काढला. (हा व्हर्जिन या मोठ्या कंपनीच्या एका उपशाखेने काढलेला असल्यामुळे वर सांगितलेल्या व्याख्येत तो बसत नाही, पण खप आणि वाट्याला आलेली प्रसिद्धी पाहता त्याला येथे जागा द्यायला हरकत नसावी.)

लोमध्ये गायक आणि गिटारवादक अ‍ॅलन स्पारहॉक आणि त्यांच्या पत्नी मिमी पार्कर ही जोडी मुख्य होती. मिमी पार्कर उभ्या राहून, दोन-तीन वाद्यांवर, बहुतेक वेळा ब्रशने ताल धरीत. भरणा नाही, तुकडे नाहीत, कसरत नाही. उस्ताद अमीर खाँ अतिविलंबित झुमरा तालात गाताना तबल्यावर साधा ठेकाच पसंत करीत, हे आपल्याला सांगायला नको. तालवाद्य बोलके झाले की सुराचा विस्तार आक्रसतो, हे इंदुरात वाढलेल्या त्या गायकाने जाणले होते. डुलुथच्या या दांपत्याने ते आपल्या रीतीने शोधून काढले. साम्य येथेच थांबते. रागविस्ताराची जी शिस्त आहे ती या संगीतात नाही. त्याचा सारा भर दोन आवाज एकाच शब्दावर एकत्र येण्यावर आणि त्या शब्दानंतरच्या रिकाम्या जागेवर आहे. मिमी पार्कर यांचे नोव्हेंबर २०२२मध्ये निधन झाले आणि बँडचा प्रवास तेथे संपला. त्या अल्बममधील सुमारे दहा मिनिटांचे अंगाईगीत आपण प्रथम ऐकावे; शिष्यांना ऐकवायचे झाल्यास मात्र आपले मत आधी सांगू नये.

प्रश्न : माझी सोळा वर्षांची मुलगी डस्टर या बँडचे 'स्ट्रॅटोस्फिअर' सतत ऐकत असते. तो १९९८चा आहे असे कळले. तेव्हा मी स्वतः महाविद्यालयात होते आणि इंग्रजी गाण्यांची मला आवड होती, तरी हे नावही कधी कानांवर आले नाही. आता अचानक हे कोठून उपटले?
— एक वाचिका, मनोरमागंज, इंदूर

उत्तर : आपल्याला ते नाव ठाऊक नव्हते यात नवल नाही, खुद्द अमेरिकेतही ते थोड्यांनाच ठाऊक होते. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील या बँडचा अल्बम सिअ‍ॅटलच्या अप रेकॉर्ड्सने काढला. या कंपनीचे संस्थापक क्रिस टाकिनो २०००मध्ये वारले आणि कंपनीचे काम हळूहळू थंडावले. त्याच सुमारास डस्टरही थांबला. छोट्या कंपनीचे हे दुखणे असते की ती एका माणसाच्या उत्साहावर उभी असते आणि तो माणूस गेला की त्याने काढलेले अल्बम पुन्हा छापायला कोणी उरत नाही. जुन्या प्रती चढ्या भावाने विकल्या जात राहिल्या आणि फायली एका हौशी श्रोत्याकडून दुसऱ्याकडे जात राहिल्या. बँड २०१८मध्ये पुन्हा एकत्र आला, २०१९मध्ये शिकागोच्या न्यूमेरो ग्रुपने त्याचे जुने काम एका संचात पुनर्मुद्रित केले आणि पुढच्या काही वर्षांत फोनवरील लघुचित्रफितींखाली त्याची गाणी वाजू लागली. मंद गती, दबका आवाज आणि अर्धवट ऐकू येणारे शब्द हे गुण दुकानाच्या फळीवर निरुपयोगी होते; रात्री कानांत यंत्र घालून एकटे ऐकणाऱ्यांना तेच हवे होते. मुलीला वेळ असेल तेव्हा तिच्याबरोबर पूर्ण अल्बम क्रमाने ऐकावा, कारण चित्रफितीत पंधरा सेकंदच येतात आणि या अल्बमचे बरेचसे मोल एका रचनेतून दुसरीत जाण्यात आहे.

प्रश्न : हे सगळे अमेरिकेचे झाले. भारतात त्या दशकात असे काही घडले नाही काय?
— एक वाचक, देवास

उत्तर : घडले, पण कंपन्यांचे जाळे विरळ असल्यामुळे त्याचे स्वरूप वेगळे होते. अमित सैगल यांनी १९९३मध्ये अलाहाबादेतून 'रॉक स्ट्रीट जर्नल' सुरू केले. मुंबई किंवा बेंगळुरूऐवजी हिंदी पट्ट्यातील एका शहरातून भारतीय रॉकचे मुखपत्र निघावे, ही गोष्ट आपल्या भागातील वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. मुंबईच्या रॉक मशीनने १९९३मध्ये इंडस क्रीड हे नाव घेतले आणि १९९५मध्ये त्याच नावाचा अल्बम काढला; तो कसबी आहे, पण त्याची नजर मोठ्या बाजारावर आहे हे जाणवते.

कोलकात्यात याच वर्षी याहून मोलाचे काम झाले. सत्तरच्या दशकात महीनेर घोडागुली या बँडच्या ज्या रेकॉर्डींकडे फारसे कोणी लक्ष दिले नव्हते, त्यांचे सूत्रधार गौतम चट्टोपाध्याय यांनी नव्या मुलांना बरोबर घेऊन 'आबार बोछोर कुडी पोरे' हा संग्रह काढला आणि तेथून बंगाली रॉकची एक पिढीच उभी राहिली. १९९९मध्ये ते वारले. त्याआधी त्यांनी असे आणखी काही संग्रह संपादित केले होते.

दिल्लीच्या इंडियन ओशनचा पहिला अल्बम १९९३मध्ये एचएमव्हीने काढला, म्हणजे कंपनी मोठी आणि लक्ष छोटे. 'डेझर्ट रेन' हा दुसरा अल्बम १९९७मध्ये दिल्लीत 'सहमत' या कलावंतांच्या संघटनेने आयोजित केलेल्या कार्यक्रमात प्रत्यक्ष मुद्रित झाला आणि आमच्या मते सुस्मित सेन यांची गिटार त्यात जितकी मोकळी वाजली आहे, तितकी नंतर क्वचितच वाजली. बँडचे राहुल राम त्याच दशकाच्या पूर्वार्धात नर्मदा बचाव आंदोलनात काम करीत होते. खोऱ्यात ऐकलेले 'मा रेवा' हे नर्मदेचे गीत त्यांनी पुढे 'कांदिसा' या अल्बममध्ये आणले. तो २०००चा असल्यामुळे दशकाच्या काटेकोर हिशेबात बसत नाही. परंतु नळाला नर्मदेचेच पाणी येणाऱ्या शहरालगत राहून तो वगळणे आम्हाला जमणार नाही.

प्रश्न : अमेरिकेहून चुलतभावाने आणलेल्या अल्बमवरून भरून घेतलेल्या तीसएक कॅसेट माझ्याकडे आहेत, त्यांत फुगाझी आणि स्लिंटही आहेत. शिवाय आमच्या वसतिगृहातील बँडची एक कॅसेट आहे. काहींवर पांढरे ठिपके दिसतात, काहींचा आवाज दबलेला येतो. त्या संगणकावर उतरवून ठेवाव्यात काय?
— एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : फुगाझी आणि स्लिंट यांच्यासाठी इतका खटाटोप करू नये. डिस्कॉर्ड, टच अँड गो आणि मर्ज या तिन्ही कंपन्या आपले अल्बम बँडकॅम्प या संकेतस्थळावर विकतात. तेथून घेतलेली फाईल आपल्या कॅसेटपेक्षा कितीतरी सरस असेल. वसतिगृहातील बँडची कॅसेट मात्र दुसरीकडे कोठेही मिळणार नाही, म्हणून सगळे श्रम तिच्यावर खर्च करावेत.

पांढरे ठिपके ही बुरशी असून ती पावसाळी दमटपणात टेपच्या कडेला धरते. बुरशीची कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालू नये, कारण ती बुरशी हेडवरून (म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावरून) पुढच्या कॅसेटला लागते. कॅसेटच्या तोंडाशी पत्र्याच्या पातळ पट्टीवर नमद्याचा छोटा चौकोन चिकटवलेला असतो. टेप हेडवर दाबून धरणे हे त्याचे काम. तीस वर्षांत त्याचा डिंक सुकून तो गळून पडला असेल, तर आवाज दबतो किंवा एका बाजूचा नाहीसा होतो. अशा वेळी निकामी कॅसेटमधील चौकोन काढून बसवावा; कवच स्क्रूचे असेल तर हे काम सोपे असते, चिकटवलेले असेल तर टेपची रिळेच स्क्रूच्या रिकाम्या कवचात हलवावी लागतात. नव्वद मिनिटांची टेप साठच्यापेक्षा बरीच पातळ असल्यामुळे ती हाताळताना ताण देऊ नये.

चौकोन जागेवर असूनही आवाज दबका येत असेल, तर ज्या डेकवर मुद्रण झाले त्याच्या आणि आपल्या डेकच्या हेडच्या कोनात फरक असण्याची शक्यता मोठी. हेडच्या बाजूला स्प्रिंगवर बसवलेला एक बारीक स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवून तो अगदी किंचित फिरवला की झांजांचा आवाज उजळ होत जातो आणि एका बिंदूनंतर पुन्हा मंदावतो. सर्वांत उजळ जागी थांबावे. हे स्वतः करणे धाडसाचे वाटत असेल, तर जेल रोडवर जुन्या टेपरेकॉर्डरची दुरुस्ती अजून करणारा कारागीर शोधावा आणि रबरी पट्टाही त्याच खेपेत बदलून घ्यावा. मुद्रणापूर्वी कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग मागे गुंडाळून घ्यावी, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे आणि पहिल्याच फेरीला संगणकावर मुद्रण सुरू ठेवावे, कारण जुन्या टेपला दुसरी फेरी मिळेलच असे नाही.